भिंतीचा विषय निघाला की

लेक: ते मातीचं घर ठेव आता कपाटात, आई. किती पुसशील? इकडे बघ.

आई: छपराच्या खाचांत धूळ बसते गं. एवढं छप्पर होऊ दे. झालं बघ. काय आणलंयस रुमालात?

लेक: भिंत.

आई: भिंत?

लेक: शाळेच्या वाचनखोलीची. वाटीच्या तोंडाएवढा गोल तुकडा. आज सकाळी कापून काढला. हात लावून बघ.

आई: मऊ आहे. पावाच्या वरच्या सालीसारखा.

लेक: वरून मऊ आहे. उलटा कर. काय दिसतंय?

आई: करडं आहे. कडक.

लेक: सिमेंटची शीट आहे ती. कुठल्याही दुकानात मिळते तसली. आई, ती भिंत मी भुशाची केली होती. गव्हाचा भुसा साच्यात दाबून भरला, त्यात अळिंबीचं बी सोडलं, पांढरं जाळं धरेपर्यंत अंधारात ठेवलं, मग भट्टीत भाजलं. वीतभर जाड फळी. सिमेंटचा कण नाही, गोंदाचा थेंब नाही. जगभर सांगत फिरते मी हे. आणि आज ड्रिलला गोल पातं लावलं, ते करंगळीएवढं आत गेलं आणि किंचाळायला लागलं. भुशात पातं किंचाळत नाही.

आई: बरोबर कोण होतं?

लेक: कोणी नाही. मुलं बाहेर मैदानात होती. तू पहिलं हेच विचारलंस?

आई: पाणी घे थोडं.

लेक: नको. त्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका आहेत ना, त्यांना हवा होता तुकडा. दोन पावसाळे बघितलेल्या भिंतीचा. आमच्या इमारतीत शिरताक्षणी समोर काचेखाली ठेवू म्हणाल्या, म्हणजे येणाऱ्याला कळेल की आपल्या आजीआजोबांच्या भिंती कशाच्या आहेत. मी म्हटलं, हो, आणते की. मिरवत गेले मी ड्रिल घेऊन.

आई: मी जरा आत जाते.

लेक: बस ना. मला कोणाशी तरी बोलू दे. वरचं साल सोडवून बघितलं मी. माझंच आहे ते, माझ्याच फळीचं. कोणीतरी उभं कापून त्याचे पातळ काप काढले आणि शीटवर चिकटवले. केकवर क्रीम लावावं तसे. आणि मागच्या अंगाला हे बघ, प्रत्येक बोटभर अंतरावर एक ओरखडा. एक दात वाकडा असलेली करवत. लहानपणापासून ऐकतेय मी त्या करवतीचा आवाज. टाकून द्या म्हटलं की बाबा म्हणतात, वाकडा दात आहे म्हणून तर माझ्या हाताला ओळखते.

आई: ते येतीलच इतक्यात.

लेक: येऊ देत.

बाबा: कोण आलंय? दारात चप्पल एक इकडे, एक तिकडे, म्हणजे भिंतवाल्या बाई आल्या. अगं, चहा टाकलास का? आज साइटवर सगळ्यांनी मिळून माझं डोकं... हे काय आहे?

लेक: तुम्ही सांगा.

बाबा: कुठून काढलास हा?

लेक: ओळखलात ना?

बाबा: खिडकीखालून काढलास. तिथून कशाला काढलास? दारावरची फळी कापायची. दारावरची खरी आहे.

लेक: काय म्हणालात?

बाबा: म्हणजे तुझीच आहे. तशीच आहे. तिथं पाऊस लागत नाही, म्हणून ती ठेवली होती.

लेक: ठेवली होती. बाबा, मला वाटलं होतं तुम्ही निदान एकदा तरी नाही म्हणाल. मी रस्ताभर तयारी करत आले होते. तुम्ही नाही म्हणणार, मी करवतीचे ओरखडे दाखवणार. तुम्ही तर आल्या आल्या कुठली कापायची ते शिकवताय.

बाबा: बस. उभ्याउभ्या नको.

लेक: कधी केलंत?

बाबा: पहिल्याच पावसाळ्यात.

लेक: का?

बाबा: का म्हणजे? कुजली होती. मागच्या अंगानं पाणी शिरलं. त्या कोपऱ्यात अळिंबीच्या छत्र्या उगवल्या होत्या, एवढ्याएवढ्या, भिंतीतून बाहेर. तू म्हणायचीस, भट्टीत भाजलं की जाळं मरतं, पुन्हा वाढत नाही. ते मेलंच नव्हतं सगळं. हात लावला तर बोट आत गेलं माझं. वास तर विचारू नकोस.

लेक: मग मला फोन करायचा. एक फोन. बाबा, मी हे शिकायला सात गावं पालथी घातली. भिंतीत छत्र्या उगवल्या तर मला नाचत यायला हवं होतं तिथं. भट्टी कुठे कमी पडली, पाणी कुठून शिरलं, सगळं तिथंच लिहिलेलं होतं. तुम्ही ते खरवडून फेकून दिलंत.

बाबा: कुठे करायचा फोन? दवाखान्यात? तोच आठवडा होता. विसरलीस का? तुझं पोटातलं गेलं तेव्हाचा. तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. जावईबापू बाहेर बाकावर रडत होते. तू कोणाशी बोलत नव्हतीस, पाणी पीत नव्हतीस. मी शेजारी बसलो तर एकच विचारलंस. वाचनखोली कोरडी आहे ना, बाबा?

लेक: आठवतंय.

बाबा: मी म्हटलं, कोरडी आहे. खडखडीत. मग काय करणार होतो? बोलून बसलो होतो. तिथून उठलो तो सरळ शाळेत गेलो. पावसाची सुट्टी होती, मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं पाइप गळतोय. माझी दोन माणसं लावली. तुझ्या शेडमध्ये फळ्या शिल्लक होत्या, त्यांचे काप काढले. खोली कोरडी करून मगच दवाखान्यात परत आलो. बापानं पोरीला खोटं सांगितलं असं व्हायला नको म्हणून.

लेक: म्हणून तुम्ही ते खरं करून टाकलंत.

बाबा: अगदी.

लेक: मला बरं वाटल्यावर सांगायचं होतं.

बाबा: सांगणार होतो. बरी झालीस तर पहिली शाळेत गेलीस. ओल मोजायचं ते यंत्र भिंतीला टेकवलंस. आणि किती दिवसांनी हसलीस. घरी येऊन आमटी दोनदा मागून घेतलीस. मी म्हटलं, जेवू दे. नंतर बघू.

लेक: मग भाषणं सुरू झाली.

बाबा: मग भाषणं सुरू झाली. मग माणसं बघायला यायला लागली. दर वेळी मी म्हणायचो, पुढच्या वेळी सांगू.

लेक: मलाच कळायला हवं होतं. दोन पावसाळे त्या यंत्राचा काटा जागचा हलला नाही. भुशाची भिंत ओल घेते, सोडते. काटा थोडा तरी नाचायला हवा. मी त्याला माझं यश समजले. दगडासारखी स्थिर, असं म्हणायचे मी लोकांना. दगडच होता तो.

बाबा: जावईबापूंना माहीत नाही हं यातलं काही. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

लेक: उपकार झाले.

बाबा: तू आता चिडलीस. साहजिक आहे. पण नुकसान काय झालं, सांग. मुलं कोरड्या खोलीत बसून वाचतायत. तुझं काम पुढे गेलं. आताच्या फळ्या तर कितीतरी चांगल्या आहेत.

लेक: कशावरून?

बाबा: म्हणजे?

लेक: चांगल्या आहेत हे कशावरून ठरवलंत? बाबा, पहिल्या फळ्यांना मी मागून चुन्याचा हात द्यायचे. आठवतंय? जाड, दोन वेळा. हात सोलवटायचे शेडमधल्या बायकांचे. मग मी तो बंद केला. का बंद केला? कारण वाचनखोलीच्या भिंतीला मी चुना एकदाच, पातळ दिला होता, आणि ती टिकली होती. दोन पावसाळे. काटा हलला नव्हता. म्हणून मी म्हटलं, चुन्याची गरजच नाही. वृद्धाश्रमाचा तळमजला पूर्ण झालाय. एकाही फळीला मागून चुना नाही. पुढच्या आठवड्यात तिथं माणसं राहायला येणार आहेत. भिंतीला टेकून पलंग लावलेत. अर्ध्याअधिक लोकांना दमा आहे.

बाबा: अगं, पण...

लेक: थांबा. मी आठवतेय. मी तुम्हाला विचारलं होतं. इथं, याच टेबलाशी, जेवताना. म्हटलं, बाबा, चुना काढून टाकू का? तुमचं काय म्हणणं? तुम्ही आयुष्यभर भिंती बांधल्यात. लेक म्हणून नाही विचारलं मी, या धंद्यातलं मोठं माणूस म्हणून विचारलं. काय केलंत तुम्ही?

बाबा: मी काही बोललो नाही.

लेक: मान हलवलीत. घास तोंडात होता आणि मान हलवलीत. म्हणालात, तुझ्या भिंतीचं तुलाच ठाऊक.

बाबा: काय सांगणार होतो? चुना काढू नकोस म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस का. मग सगळंच निघालं असतं. मला वाटलं, वृद्धाश्रमाचं छप्पर भिंतीबाहेर चांगलं पुढे आलंय, पाणी नाही लागणार.

लेक: वाटलं. पहिल्या भिंतीचं मी सोडून देईन, बाबा. त्या आठवड्यात मी कशी होते ते मला माहीत आहे. पण त्या जेवणाचं काय करू? तेव्हा मी आजारी नव्हते. तेव्हा मी चुकत होते, आणि तुम्ही बघत होतात.

आई: मी आत जाते.

लेक: पुन्हा?

आई: काय?

लेक: आत्ता बाबा यायच्या आधी उठलीस तशीच. आणि त्या जेवणाच्या वेळीही तू उठली होतीस. मी चुन्याचं विचारलं आणि तू पाणी आणायला गेलीस. मी हसले होते. म्हटलं होतं, आई, पाण्याचा जग भरलेला आहे की.

बाबा: तिला मध्ये घेऊ नकोस.

लेक: दर वेळी. पाहुणे आले आणि वाचनखोलीचं नाव निघालं की तू आत. मी फोनवर भिंतीचं सांगायला लागले की तू फोन बाबांकडे द्यायचीस. मला वाटायचं, कंटाळते बिचारी, तिला काय कळतंय भुशातलं. आई, तू रोज सकाळी उठल्यावर देवाकडे काय मागतेस?

आई: तुला माहीत आहे.

लेक: तुझ्या तोंडून ऐकू दे.

आई: आज माझ्या तोंडून खोटं न जावो.

लेक: लहानपणी आम्ही मुद्दाम तुला विचारायचो, भाजी कशी झाली, हा फ्रॉक कसा दिसतो. तू कधी गोड बोलली नाहीस. जगात एक माणूस तरी असं आहे, असं मी लोकांना सांगायचे. तुला माहीत होतं?

आई: हो.

लेक: पहिल्यापासून?

आई: चिकटवताना काप मीच धरत होते. ह्यांच्या माणसांच्या हातानं तुटत होते. तुझं काम नाजूक असतं.

लेक: तूही होतीस तिथं.

आई: मी खोटं बोलले नाही. तू कधी विचारलं नाहीस मला.

लेक: मी विचारीन असं वाटलं की तू खोलीतून जायचीस.

आई: हो. तसं जायचे.

लेक: मग नेम कसा म्हणायचा तो, आई? तोंड तेवढं स्वच्छ ठेवायचं?

आई: रोज सकाळी बसल्यावर मी त्यालाही हेच विचारते. मला उत्तर येत नाही. पण तुझं ते हसणं बघितलं होतं मी, यंत्र लावून घरी आलीस तेव्हाचं. ते मोडायची माझी हिंमत झाली नाही.

लेक: तुम्हा दोघांना वाटतं मी काचेची आहे.

बाबा: तू काचेची नाहीस गं. आम्ही आहोत.

लेक: चांगलं बोललात. पण आता नको.

बाबा: बरं, ऐक. रागावून काही हाती लागत नाही. उद्या माझी माणसं घेतो. वृद्धाश्रमाच्या तळमजल्याच्या फळ्या मागून उघडायच्या, चुन्याचा हात द्यायचा, पुन्हा बसवायच्या. व्यवस्थापिकाबाईंना सांगू, शेवटचं पॉलिश राहिलं होतं. माणसं यायच्या आत होऊन जाईल. आणि त्या काचेखाली ठेवायला दारावरची फळी कापून देतो मी तुला. खरी आहे ती. खोटं काहीच नाही त्यात. कोणाला पत्ता लागणार नाही.

लेक: तुम्ही तेच करताय, बाबा.

बाबा: काय?

लेक: मी अजून खोलीत उभी आहे आणि तुम्ही तेच करताय.

बाबा: मग काय करणार आहेस? सांगत सुटणार आहेस? तुझी शेड बंद होईल. त्या बायकांचं काय? पुन्हा कोणी तुझी फळी हातात तरी धरेल का? एवढी वर्षं राबलीस ती...

लेक: फोन कुठे ठेवला मी?

बाबा: उद्या कर. आज नको. डोकं शांत झाल्यावर कर.

लेक: आई, तुझ्या हाताखाली आहे. दे.

बाबा: अगं, देऊ नकोस तिला.

आई: हा घे.

लेक: हॅलो. हो, मीच. नाही, तुकडा काढला, पण तो तुम्हाला देता येणार नाही. ऐका जरा. पुढच्या आठवड्यात माणसांना आणू नका. हो, तळमजल्यावर. शाळेची जी भिंत मी तुम्हाला दाखवली ती माझी नव्हती. म्हणजे वरून होती. माझी भिंत पहिल्याच पावसाळ्यात कुजली. नाही, मला आज कळलं. कोणी बदलली ते... ते मी प्रत्यक्ष येऊन सांगते. तुमच्या फळ्यांना मागून चुना नाही, तो त्या शाळेच्या भरवशावर काढला मी, आणि तो भरवसा खोटा निघाला. फळ्या काढाव्या लागतील. मीच काढीन. हो. तुम्हाला राग आला असेल तर यायलाच हवा. इतर जिथं दिल्यात तिथंही मीच कळवते. उद्या सकाळी दारात उभी असेन. ठेवते.

बाबा: काय म्हणाल्या?

लेक: म्हणाल्या, माझी आई त्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणार होती.

बाबा: मी येतो उद्या तुझ्याबरोबर. माझं नाव सांग. सांग, बापानं केलं.

लेक: तुमचं नाव मी सांगणारच आहे. पण बरोबर येऊ नका. तुम्ही आलात की तिथंही काहीतरी सावराल.

बाबा: मग त्या शाळेतल्या भोकाचं तरी... मुलं बोटं घालतील त्यात. सकाळी जाऊन बुजवून टाकतो.

लेक: हात लावू नका त्याला. मुलं विचारतील आत काय आहे, तेव्हा मी सांगायला जाणार आहे.

आई: दोन घास खाऊन जा. किती वेळची उपाशी आहेस.

लेक: आई, तू उठू नकोस. एकच विचारते. बाबांना नाही, तुला.

बाबा: आता तिला कशाला...

लेक: तुम्ही बोलू नका. आई, कपाटातलं ते मातीचं घर. शाळेच्या प्रदर्शनात पहिलं आलं होतं ते. मी झोपायला गेले तेव्हा त्याची एक भिंत खचली होती. मी रडत झोपले. सकाळी उठले तर उभी होती. बाबा म्हणाले, मातीत भुसा आहे ना, ती वाळताना आपोआप सावरते. माझं सगळं तिथून सुरू झालं. प्रत्येक भाषणाची सुरुवात मी त्या घरापासून करते. ते घर कोणी केलं, आई?

(आई उठते. दारापर्यंत जाते. तिथून परत येऊन बसते.)

आई: छप्पर तुझं आहे.